कावेरीकाठची लाकडी घरे

कुंभकोणमच्या आसपास कावेरीच्या एखाद्या शाखेच्या काठी वसलेल्या जुन्या गावात कोणी महाराष्ट्रीय प्रवासी सकाळच्या प्रहरी गेला, तर तेथील भाषा त्याला कळणार नाही, परंतु तेथील घर मात्र त्याला कळेल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकमेकांना खेटून उभी असलेली घरांची रांग, प्रत्येक घरापुढे गुडघाभर उंचीचा ओटा, ओट्यावर उतरत्या कौलांचा भार झेलणारे दोन-चार लाकडी खांब, आणि उंबरठ्यापुढे तांदळाच्या पिठाची ताजी रांगोळी. दारातून आत पाऊल टाकावे, तो मध्यभागी आभाळाला मोकळा असलेला चौक, त्याच्या चारी बाजूंना खांबांची ओळ, पलीकडे स्वयंपाकघर आणि त्याहीपलीकडे विहीर व परसू. तमिळ भाषेत ओट्याला तिण्णै म्हणतात, चौकाला मुट्रम आणि चौकालगतच्या माजघराला कूडम. नावे निराळी असली तरी घराचा स्वभाव ओळखीचा वाटतो. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यात ज्याचे बालपण गेले असेल, त्याला येथे परके वाटण्याचे कारण नाही.

परंतु हाच प्रवासी जरा सावकाश चालू लागला, तर त्याला आणखीही काही दिसेल. दहा घरांच्या रांगेत दोन-तीन घरांना कुलूप आहे. एकाचे कौलारू छप्पर मधोमध खचले असून आत गवत माजले आहे. चार-पाच घरांच्या जागी सपाट छपराची काँक्रीटची घरे उभी आहेत आणि त्यांच्या ओट्याला लोखंडी जाळीचे कुंपण पडले आहे. उरलेल्या दोन-तीन घरांत वृद्ध माणसे राहतात आणि त्यांची मुले चेन्नई, मुंबई किंवा त्याहून दूरच्या शहरी आहेत. कावेरीच्या खोऱ्यातील लाकडी घर असे रांगेतून एकेक करून नाहीसे होत आहे. हा ऱ्हास कशामुळे झाला, त्यात हळहळण्यासारखे काय आहे आणि कशाबद्दल हळहळू नये, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राला या विषयात विशेष आस्था वाटावी असे एक कारण आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजी भोसले यांनी तंजावर घेतले. तेव्हापासून 1855 पर्यंत त्या भूमीवर मराठी राजघराण्याची सत्ता होती. त्या वर्षी शेवटचे राजे शिवाजी हे औरस पुत्रावाचून वारले आणि राज्य कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. या पावणेदोनशे वर्षांत मराठी राजांनी तेथे पुष्कळ काही उभारले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी 1693 मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव शेहेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि ते शहाजीराजपुरम या नावाने ओळखले जाऊ लागले. सरफोजी दुसरे यांनी रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी छत्रे चालविली. त्यांपैकी ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र 1802 च्या सुमाराचे आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाची कीर्ती तर सर्वश्रुतच आहे. तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चौकाचे लाकडी घर मराठ्यांनी तेथे नेले असे नव्हे. त्या भूमीत ते आधीपासून होते. मराठी कुटुंबे तेथे गेली आणि त्या घरांत राहू लागली, आणि आपल्या ओसरी-माजघराची सवय त्यांना तेथे मोडावी लागली नाही, इतकेच.

हे घर चालते कसे, हे समजून घेतल्यावाचून त्याच्या नाहीसे होण्याचा अर्थ कळणार नाही. तंजावरचा प्रदेश म्हणजे कावेरीने वाहून आणलेल्या गाळाचे मैदान. येथे भात पिकतो, परंतु डोंगर नाही, दगडाची खाण नाही आणि जंगलही नाही. बृहदीश्वराच्या मंदिराचा दगडसुद्धा बाहेरून आणावा लागला. अशा ठिकाणी सामान्य घर बांधायचे ते माती, चुना आणि झाडे यांच्याच बळावर. शेजारच्या दोन घरांमधील विटांची भिंत दोघांची सामाईक असे. बाहेरचा भार तिच्यावर जाई आणि आतला भार चौकाभोवतीच्या खांबांवर. खांबाच्या पायाशी दगडाची बैठक ठेवीत, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी लाकडापर्यंत चटकन पोचत नसे. खांबाच्या माथ्यावर कोरीव बोधिका, तिच्यावर तुळई, तुळईवर वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर गावच्या कुंभाराने घडविलेली कौले. एका लाकडाला खाच आणि दुसऱ्याला तीत बसणारी जीभ कोरून सांधे केलेले असत. त्यामुळे एखादा वासा किडला तर तेवढाच काढून दुसरा घालता येई. घर पाडावे लागत नसे.

छपराचा उतार आतल्या बाजूस असल्यामुळे आश्विन-कार्तिकातला ईशान्य मोसमी पाऊस चौकात पडे आणि तेथून पन्हळीने परसाकडे जाई. उन्हाळ्यात हाच चौक तापलेली हवा वर सोडून देई. पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत नजर सरळ जावी अशी रचना असे. जेथे नजर जाते तेथून वारेही जाते. सधन घराच्या काही भागावर कौलांऐवजी गच्ची असे. सागवानी तुळयांवर पातळ विटा तिरप्या उभ्या लावून, चुन्यात बसवून, वर चुना आणि विटांचा चुरा दिवसेंदिवस बडवून ही गच्ची सिद्ध करीत. बांधकामाच्या जगात ती 'मद्रास टेरेस' या नावाने प्रसिद्ध पावली. तिच्यात लोखंडाची सळई नाही की सिमेंट नाही, तरी अशा गच्च्या शंभर-शंभर वर्षे टिकल्या आहेत.

ओट्याविषयी दोन शब्द अधिक सांगावयास हवेत. तिण्णै हा घराचा भाग, परंतु तो रस्त्याकडे तोंड करून असलेला. वाटसरू तेथे टेकत असे, यात्रेकरू रात्रीपुरता तेथे निजत असे, भाताच्या भावाची आणि देवळाच्या उत्सवाची बोलणी तेथे होत. गावचा पंतोजी तेथेच मुले जमवून वाळूवर अक्षरे गिरवून घेई. अशा शाळांना 'तिण्णै पळ्ळिक्कूडम' म्हणजे ओट्यावरची शाळा असे नावच पडले होते. कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील एका लहानशा कौलारू घराच्या ओट्यावर बसून एक मुलगा पाटीवर गणिते सोडवीत असे. तो पुढे श्रीनिवास रामानुजन या नावाने जगाला ज्ञात झाला. ओट्याने माणसे घडविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या घरात एकांताला खोली नाही, तेथे ओटा हीच अभ्यासाची खोली होती, एवढे खरे.

आता लाकडाकडे वळू. नदीकाठच्या ताडाचे जून झाड कापले तर त्याच्या बाहेरच्या काळ्या, चिवट भागातून वासे निघत. मोह, कडुनिंब, फणस ही झाडे गावातच मिळत. खांब, तुळया आणि दारांच्या चौकटी यांसाठी मात्र साग हवा असे. तो सह्याद्रीच्या जंगलातून येई. पुढे 1826 नंतर ब्रह्मदेशाचा एकेक भाग इंग्रजांच्या ताब्यात येऊ लागला, तेव्हा तिकडचा साग समुद्रमार्गे या किनाऱ्यावर उतरू लागला. शेजारच्या चेट्टिनाडमधील सावकारांचे ब्रह्मदेशाशी व्यवहार होते आणि त्यांचे प्रासादतुल्य वाडे या सागाने भरून गेले. म्हणजे ज्याला आपण 'गावचे घर' म्हणतो, त्याचा एक वासा गावच्या बांधावरचा असे, तर एक खांब इरावतीच्या काठचा. गावपण हे गावाच्या शिवेत मावणारे नव्हते.

हे लाकूड घडविणाऱ्या सुताराला तमिळमध्ये तच्चन म्हणतात. संस्कृतातील तक्षन् आणि आपले तासणे ही त्याचीच भावंडे होत. तच्चन केवळ घर बांधून निघून जात नसे. नांगर, बैलगाडी, पाळणा, देवळाचा रथ आणि घराचे दार ही सर्व कामे त्याच्याकडेच असत, आणि त्याचा मोबदला पुष्कळदा सुगीच्या वेळी भाताच्या मापाने मिळे. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात. तिकडे आश्विनापूर्वी कौले उतरवून, फुटकी बाजूला काढून, किडलेल्या रिपा बदलून छप्पर पुन्हा घालीत. हे काम वर्षानुवर्षे न चुकता होत असे. लाकडी घराचे आयुष्य लाकडाच्या जातीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक या वार्षिक शाकारणीवर असते. एक कौल सरकले, तेथून पाणी झिरपले, त्या पाण्याने वासा कुजला आणि वाशाने तुळई नेली, असा हा नाश क्रमाने होतो. तीन-चार पावसाळे कोणी लक्ष दिले नाही, तर शंभर वर्षांचे घर उभे राहत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. लाकडी घर ही वस्तू नव्हे, ती एक व्यवस्था आहे. घरात राहणारे कुटुंब, भिंत वाटून घेणारा शेजारी, कौले घडविणारा कुंभार, वासे बदलणारा सुतार, बांधावरचा ताड आणि दूरचे जंगल, इतक्यांचे लागेबांधे टिकले तर घर टिकते. यांपैकी एकेक धागा तुटत गेला आणि म्हणून घर पडले. ते कोणी एका दिवसात पाडले नाही.

पहिला धागा कुंभाराचा तुटला. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे यंत्राने दाबून केलेल्या चपट्या कौलांचा कारखाना काढला. ही कौले एकसारखी, एकात एक अडकणारी आणि दर वर्षी चाळावी न लागणारी. लोकांनी ती आनंदाने स्वीकारली, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे नाही. परंतु गावच्या कुंभाराची भट्टी त्यामुळे थंडावली. दुसरा धागा सागाचा. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडच्या व्यापाराची घडी मोडली, ती पुन्हा पूर्ववत बसली नाही. पुढे 2014 मध्ये तर म्यानमारने सागाच्या अखंड ओंडक्यांची निर्यातच बंद केली. ताडाचे झाड वीटभट्ट्यांचे जळण झाले. शेवटी 2021 मध्ये, हे झाड राज्यवृक्ष असताही, ते तोडण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची अनुज्ञा घ्यावी असे धोरण तमिळनाडू सरकारला जाहीर करावे लागले.

तिसरा धागा जमिनीचा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. अग्रहारातील मोठी घरे भातशेतीच्या खंडावर उभी होती. 1952 मध्ये तंजावर जिल्ह्यातील कुळांना आणि पण्णैयाळ म्हणजे सालदार मजुरांना संरक्षण देणारा कायदा झाला. 1961 मध्ये कमाल जमीनधारणेची मर्यादा तीस प्रमाण एकर ठरली आणि 1970 मध्ये ती पंधरावर आली. जमीनदारांची मुले त्याआधीच शिक्षणाच्या आणि नोकरीच्या मागे शहरांकडे निघाली होती. आता मागे राहण्याचे प्रयोजनच उरले नाही. घर राहिले, परंतु शाकारणीचा खर्च देणारे शेत राहिले नाही. वारसांची संख्या वाढली आणि प्रत्येकाची सही मिळविणे दुरापास्त झाले. सामाईक भिंतीच्या एका बाजूचे घर पडले की दुसऱ्या बाजूच्या घराची भिंत पावसात उघडी पडते. म्हणून एका घराचा नाश शेजारच्या घराला लागतो. रांगेत उभे राहून ज्यांनी एकमेकांना आधार दिला, ती घरे पडतानाही एकमेकांना ओढीत पडतात.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की कायद्यांनी घरे पाडली. असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कारण त्याच गावाला दुसरी एक बाजू होती. अग्रहाराच्या रस्त्यापासून दूर, भातखाचरांच्या कडेला, शेतमजुरांची वस्ती असे. तिला चेरी म्हणत. तेथे सागाचे खांब नव्हते की कौले नव्हती. मातीच्या भिंती, ताडाच्या किंवा बांबूच्या काठ्या, आणि वर नारळीच्या विणलेल्या झावळ्या अथवा भाताचा पेंढा. हेही लोकवास्तुशिल्पच होय. तेही लाकडाचेच, आणि तेही गावच्या झाडांचेच. परंतु वाटसरूला विसावा देणारा ओटा या वस्तीतील माणसाला मोकळा नव्हता. त्याला त्या रस्त्याने जाण्याचीही मुभा नसे. लाकडी घरांच्या सौंदर्याची गाथा गाताना हे विसरले, तर ती गाथा अर्धी राहील.

25 डिसेंबर 1968 च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणि या गावी मजुरीच्या वादातून हल्ला झाला. दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील बायका, मुले आणि वृद्ध एका झोपडीत आश्रयाला गेले, आणि ती झोपडी पेटविण्यात आली. चव्वेचाळीस जण जळून मेले. पुढे 16 जुलै 2004 रोजी कुंभकोणम येथील एका शाळेत स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि चौऱ्याण्णव मुले दगावली. त्यानंतर शाळांवरील अशी छपरे काढण्याचा आदेश निघाला. या दोन घटनांची जात निराळी आहे. एक क्रौर्याची, दुसरी हलगर्जीपणाची. परंतु दोहोंनंतर झावळ्यांच्या छपराकडे प्रेमाने पाहणे गरिबाला शक्य राहिले नाही. त्याच्या दृष्टीने काँक्रीटचे छप्पर म्हणजे न जळणारे छप्पर.

म्हणून 2010 मध्ये तमिळनाडू सरकारने एकवीस लक्ष झोपड्यांच्या जागी पक्की घरे बांधण्याची योजना हाती घेतली, आणि 2024 मध्ये राज्य झोपडीमुक्त करण्याचा नवा संकल्प सोडला, त्याचे स्वागत झाले ते योग्यच होय. नोव्हेंबर 2018 मध्ये गज नावाचे चक्रीवादळ पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या भागांवरून गेले. त्याने नारळीच्या बागा आडव्या केल्या आणि झोपड्यांची छपरे उडवून दिली. ज्याचे छप्पर त्या रात्री उडाले, त्याला झावळ्यांचा गारवा किती सुखद असतो हे शहरातील माणसाने सांगू नये.

परंतु पक्के म्हणजे सपाट काँक्रीटच, अशी समजूत जी रूढ झाली, तिचा मात्र विचार केला पाहिजे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनम किनाऱ्यावर पुनर्वसनाची हजारो घरे उभी राहिली. काही गावांत नव्या वसाहतीसाठी न पडलेली कौलारू घरे आणि त्यांना सावली देणारी झाडेही काढून टाकण्यात आली, असे नंतरच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. आखून दिलेल्या रांगांत ओटा नाही, अंगण नाही, झाड नाही. वैशाखात ही घरे दिवसा तापतात आणि रात्रभर ती उष्णता आत सोडतात. मग माणसे पुढे झावळ्यांचा मांडव घालतात आणि दुपार त्या मांडवात काढतात. सरकारने दिलेले घर आणि आपण घातलेला मांडव या दोन्हींची गरज ज्याला पडते, त्याला कोणी घराविषयी विचारलेच नव्हते, असा याचा अर्थ होतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. तेथील घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि मातीच्या जड धाब्याची. आत लाकडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा असे आणि त्याला खण म्हणत. प्राण घेतले ते मुख्यतः ढासळलेल्या दगडांनी आणि मातीच्या ओझ्याने. पुष्कळ ठिकाणी लाकडी खण तसाच उभा राहिलेला दिसला. तरीही लोकांच्या मनात भय बसले ते साऱ्या जुन्या घराचे. अनेकांनी उभे असलेले खण उतरवून लाकूड विकून टाकले. दोष मातीच्या जडपणात आणि बांधणीच्या उणिवेत होता. शिक्षा लाकडालाही झाली. कावेरीकाठी आणि मांजरा-तेरण्याकाठी घडले ते मुळात एकच. संकटानंतर जुन्यातले काय धोक्याचे आणि काय हिताचे याची निवड करण्याइतका अवसर आणि सल्ला लोकांना मिळाला नाही.

या कथेला एक चमत्कारिक उत्तरार्ध आहे. ज्या घराला गावात कोणी घेणारा नाही, त्याच घराच्या खांबाला शहरात मोठी मागणी आहे. तंजावरच्या दक्षिणेस चेट्टिनाडात कारैक्कुडी हे गाव आहे. तेथे जुन्या वस्तूंच्या दुकानांची एक ओळच आहे. कोरीव दारे, चौकटी, खांब, बोधिका, झोपाळ्याच्या फळ्या, सारे काही तेथे रचून ठेवलेले असते. तेथून ते उपाहारगृहांत, विश्रामधामांत आणि धनिकांच्या बंगल्यांत जाते. ज्या खांबाने दोन शतके छप्पर उचलले, तो तेथे काहीच उचलीत नाही, केवळ पाहिला जातो. मात्र विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पडक्या घराचे चार खांब विकून ज्याच्या घरातल्या आजाऱ्याच्या औषधाची सोय होते, त्याला परंपरेचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

काही जणांनी यावर दुसरा मार्ग शोधला. चेन्नईजवळ मुट्टुक्काडू येथे 1996 मध्ये 'दक्षिणचित्र' हे संग्रहालय सुरू झाले. दक्षिणेकडील निरनिराळ्या प्रांतांतील जुनी घरे, जी पाडली जाणारच होती, ती तेथे भाग सुटे करून आणली गेली आणि पुन्हा उभी करण्यात आली. लॉरी बेकर यांच्यासारख्या वास्तुशिल्पज्ञाचा हात त्या परिसराच्या रचनेला लागला. कुंभकोणममध्ये रामानुजन यांचे घर 2003 मध्ये स्मारक झाले. ही कामे मोलाची आहेत. तथापि संग्रहालय किती घरे सामावून घेणार, आणि प्रत्येक ओट्यावर रामानुजन थोडाच बसला होता! 1958 चा केंद्रीय कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंचे रक्षण करतो. बृहदीश्वराचे मंदिर तर 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. परंतु तिरुविसनल्लूरच्या रस्त्यावरील एका सामान्य घराला कोणता कायदा तारणार? जे असामान्य आहे त्याला संरक्षण मिळते. सामान्याला राहणारा माणूस लागतो.

मग तंजावरच्या सुताराची कला संपली काय? तसे म्हणता येत नाही, आणि यातच या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. फणसाच्या लाकडातून तेथे आजही वीणा घडविली जाते आणि 2013 मध्ये तंजावरच्या वीणेला भौगोलिक मानांकन लाभले. बृहदीश्वराच्या मंदिराचा रथोत्सव सुमारे शंभर वर्षे बंद पडला होता. नवा लाकडी रथ तयार झाला आणि एप्रिल 2015 मध्ये तो पुन्हा राजमार्गांवरून ओढण्यात आला. रथ हे एक प्रकारचे लाकडी घरच होय. तळाशी जाड तुळया, त्यांवर कोरीव थर, आणि प्रत्येक सांधा असा की चाक खळग्यात गेले तरी सुटू नये. एका शतकाच्या खंडानंतरही असा रथ घडविणारे हात मिळाले, याचा अर्थ विद्या लोपली नव्हती. तिला काम मिळत नव्हते.

वीणा टिकली, कारण कोणीतरी ती वाजवितो. रथ परतला, कारण त्याचा दोर धरावयास माणसे आहेत आणि तो ओढण्याचा एक दिवस पंचांगात ठरलेला आहे. घराच्या शाकारणीचा दिवस मात्र पंचांगातून पुसला गेला. कलेला आदर मिळून भागत नाही. तिला दर वर्षी कोणाची तरी गरज लागावी लागते.

अशा स्थितीत करण्याजोगे काय आहे? सर्व जुनी घरे राखावीत असे कोणी म्हणणार नाही. ते शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु जी अजून उभी आहेत आणि ज्यांत माणसे राहत आहेत, त्यांच्या दुरुस्तीला नव्या बांधकामाइतकेच साहाय्य मिळावे, ही मागणी अवास्तव नव्हे. आजची घरयोजना मुख्यतः नवे बांधणाऱ्याचा विचार करते. जुने सांभाळणाऱ्याला तिच्यात फारशी जागा नाही. पाडण्यास अनुदान आणि शाकारण्यास काही नाही, अशी स्थिती असेल तर शहाणा मनुष्य पाडणारच. दुसरे असे की नव्या घरातही ओटा, सावलीची पडवी, वाऱ्याची समोरासमोर दारे आणि जेथे जागा असेल तेथे लहानसा चौक यांना स्थान देता येते. आणि यापुढे तो ओटा कोणाला वर्ज्य असणार नाही, ही तर आनंदाचीच गोष्ट. तिसरी गोष्ट झाडांची. ज्या गावाला सुतार हवा, त्याने आधी ताड आणि फणस लावले पाहिजेत. ताडाला जून व्हायला कित्येक दशके लागतात, म्हणजे आजचा लावणारा तो कापणार नाही. नातवाच्या छपरासाठी झाड लावण्याची ही रीत जुन्या गावाला ठाऊक होती.

संध्याकाळी कावेरीच्या काठच्या त्या रस्त्यावर पुन्हा एकवार जावे. देवळातील घंटा झाली आहे. एका घराच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ खांबाला पाठ टेकून बसले आहेत. ज्या जागी त्यांची पाठ टेकते, तेथे खांब पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्शाने गुळगुळीत आणि काळसर झाला आहे. समोरच्या काँक्रीटच्या घरातून एक लहान मुलगी पाटी-पुस्तक घेऊन येते आणि त्यांच्या शेजारी बसते, कारण तिच्या घरात अजून उकाडा आहे आणि येथे वारा आहे. तिच्या आईवडिलांच्या पिढीपूर्वी या ओट्यावर तिला बसता आले नसते, हे तिला ठाऊक नाही. हा ओटा येत्या काही पावसाळ्यांत राहील की नाही, हेही तिला ठाऊक नाही. घर जुने आहे आणि त्यावर बसण्याचा तिचा हक्क नवा आहे. या दोघांची गाठ पडली आहे ती इतक्या उशिरा की आता छप्पर शाकारणारा वेळेवर आला पाहिजे.